दस्त्यावरची तीन अक्षरं

(जवळून: रिसीव्हरचा वरचा भाग)

स्पेन्सर रिपीटिंग रायफल कंपनी, बॉस्टन. पेटंट 6 मार्च 1860. एवढं वाचून घराणं कळतं. ही कार्बाइन, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक, नेमकी कोणती, ते सांगणारा आकडा जरा मागे, रिसीव्हरच्या, म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधल्या लोखंडी भागाच्या, टोकाला ठोकलेला आहे. उजेड तिरका पाडला की तो वर येतो.

(हात कडी ओढतो)

चापाभोवतीची ही कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते. वर घेतली की दस्त्यातल्या नळीतून नवं काडतूस पुढे सरकतं. घोडा मात्र दर वेळी अंगठ्यानंच मागे ओढायचा. दस्त्यात सात काडतुसं मावतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात बहुतेक पायदळ अजून नळीच्या तोंडातून दारू ठासत होतं, त्या काळातली ही गोष्ट. ऑगस्ट 1863मध्ये क्रिस्टोफर स्पेन्सरनं आपलं हत्यार खुद्द लिंकन यांना चालवून दाखवलं.

(जवळून: डावी बाजू)

ही लोखंडी दांडी आणि तिच्यात फिरणारी कडी. स्वाराच्या खांद्यावरून येणाऱ्या रुंद चामडी पट्ट्याचा हूक हिच्यात अडकायचा. हलत्या कडीनं लाकूड घासून ही चंद्रकोर उमटली आहे. ही कार्बाइन नुसती पेटीत पडून नव्हती, ती वापरली गेली आहे. मला हा घासलेला भाग कोणत्याही नव्या पॉलिशपेक्षा मोलाचा वाटतो.

अशी स्पेन्सर विकायला निघाली की सोबत गेटिसबर्गची कहाणी हमखास येते. यादवी युद्धातली ही लढाई जुलै 1863ची. तिथे मिशिगनच्या स्वारांकडे स्पेन्सर होत्या, हे खरं. पण त्या लांब नळीच्या रायफली. कार्बाइन सैन्याला मिळू लागल्या त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, लढाई संपून गेल्यावर. अंगावर कसलाही आकडा असो, गेटिसबर्गला स्पेन्सर कार्बाइन असूच शकत नाही.

(मायक्रोफिल्मचं रीळ फिरतं)

मग शोधायचं कुठे? वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. दर तिमाहीला प्रत्येक कंपनीच्या, म्हणजे पलटणीतल्या तुकडीच्या, अधिकाऱ्याला आपल्याकडच्या हत्यारांचा हिशेब आयुध खात्याला द्यावा लागे. त्यांचे गोषवारे इथे आहेत. या ओळी बघा: कंपनी, ठिकाण, आणि पुढे कार्बाइनची संख्या. कोणत्या पलटणीकडे कधी स्पेन्सर होत्या, ते इथे कळतं. पण या रकान्यांत नुसती संख्या आहे. एकेका हत्यारावरचा क्रमांक काही कंपन्यांच्या स्वतःच्या वह्यांत उतरवलेला मिळतो, शिपायाच्या नावासमोर. त्या वह्या पानोपान वाचाव्या लागतात, आणि वाचायलाच हव्यात. शेजारचा क्रमांक एखाद्या पलटणीत सापडला, म्हणून आपलाही तिथलाच, असं म्हणता येत नाही. कार्बाइन क्रमांकाच्या ओळीनं वाटल्या जात नसत.

आणखी एक कागद महत्त्वाचा. मे 1865मध्ये हुकूम निघाला: घरी जाणाऱ्या शिपायाला आपलं हत्यार विकत घेता येईल. स्पेन्सर कार्बाइनला 10 डॉलर, इतर कार्बाइनला 8. साध्या शिपायाचा महिन्याचा पगार तेव्हा 16 डॉलर होता. तरीही अनेकांनी पैसे मोजले. ‘पणजोबांनी युद्धावरून आणली’ अशी आठवण सांगणाऱ्या घरांनी आधी हा व्यवहार शोधावा.

(जवळून, बराच वेळ: दस्त्यावरचा पुसट शिक्का)

आता हे पाहा. चौकटीत तीन अक्षरं: ई, एस, ए. अर्स्किन एस. ॲलिन, स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागाराचे मुख्य कारागीर. युद्धानंतर तिथे जुन्या स्पेन्सर दुरुस्त झाल्या. नळीत अस्तर बसवून बोअर, म्हणजे नळीचं भोक, बारीक केला गेला, आत सहाच्या जागी तीन चऱ्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, आल्या. चापापुढे ही छोटी पट्टी बसली. ती फिरवली की दस्त्यातली काडतुसं राखीव राहतात आणि एकेक गोळी भरून झाडता येते. नळीत डोकावलं तर चऱ्या तीनच दिसतात. शिक्का खोटा नाही.

हा शिक्का लाकडात केसभरच खोल असतो. सँडपेपरचे चार हात फिरले की कायमचा जातो. जुनं हत्यार चकाचक करून विकणारे नेमका पुरावाच घासून टाकतात. कृपा करून दस्त्याला हात लावू नका.

(नकाशा)

दुरुस्तीला आली, म्हणजे 1865 नंतरही ही सरकारच्याच ताब्यात होती. कोणा शिपायानं 10 डॉलरला घरी नेली नव्हती. दुरुस्त झालेल्या स्पेन्सर पश्चिमेच्या सरहद्दीवरच्या घोडदळाकडे गेल्या. नोव्हेंबर 1868मध्ये वॉशिटा नदीकाठी शायेन या मूळनिवासी जमातीचे प्रमुख ब्लॅक केटल यांच्या वस्तीवर अमेरिकी सैन्याच्या सातव्या घोडदळानं हल्ला केला, तेव्हा स्वारांच्या हाती स्पेन्सरच होत्या. त्या पहाटे ब्लॅक केटल आणि त्यांची पत्नी मारले गेले, बायकामुलंही मेली.

1873पासून नवी स्प्रिंगफील्ड कार्बाइन आली आणि स्पेन्सर मागे पडल्या. या कार्बाइनचा माग काढायचा तर यादवी युद्धाचे गोषवारे आता बाजूला ठेवायचे. उघडायच्या आहेत त्या सरहद्दीवरच्या ठाण्यांच्या वह्या, दुरुस्तीपासून 1873पर्यंतच्या.