पॅगोड्याचे हरवलेले मजले : ब्रूस लीच्या अपुऱ्या सिनेमाचा शोध

(पडद्यावर : काळा पट्टा असलेला पिवळा ट्रॅकसूट. चेहरा दिसत नाही.)

हा पिवळा ट्रॅकसूट तुम्ही ओळखता. ब्रूस लीचा एकही सिनेमा न पाहिलेली माणसंही तो ओळखतात, कारण तो टी-शर्टवर आहे, पोस्टरवर आहे, व्हिडिओ गेममध्ये आहे. पण ज्या सिनेमासाठी ब्रूस लीने तो अंगावर चढवला, तो सिनेमा त्याच्या मनात होता तसा कुणीही कधीही पाहिलेला नाही. ‘गेम ऑफ डेथ’ त्याच्या हातून पुरा झालाच नाही. जेवढं चित्रीकरण झालं होतं, त्यातलाही मोठा भाग वीसेक वर्षं डब्यांत पडून राहिला.

हा व्हिडिओ त्या डब्यांबद्दल आहे.

१९७२ साल. हाँगकाँगमध्ये ब्रूस लीच्या नावावर थिएटरं भरत होती. ‘द बिग बॉस’ आणि ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ या दोन सिनेमांनी तिथले गल्ल्याचे विक्रम मोडले होते. तिसरा सिनेमा त्याने स्वतः लिहिला आणि स्वतःच दिग्दर्शित केला. रोमच्या कोलोसियममधली चक नॉरिसबरोबरची लढत त्यातलीच. आता त्याला मारामारीच्या सिनेमात स्वतःचा विचार मांडायचा होता. जीत कुन डो या नावाने तो स्वतःची जी युद्धकला शिकवत होता, ती पडद्यावर आणायची होती.

तेवढ्यात करीम अब्दुल-जब्बार हाँगकाँगला आला. करीम म्हणजे तेव्हाचा अमेरिकेतला अव्वल बास्केटबॉलपटू, उंची सात फूट दोन इंच, आणि लॉस एंजेलिसच्या दिवसांपासून ब्रूस लीचा शिष्य. पटकथा पुरी लिहून झालेली नव्हती. पण असा गडी पुन्हा कधी मोकळा सापडणार? ब्रूस लीने सेट लावला आणि शेवटची लढत सगळ्यात आधी चित्रित करून टाकली.

(पडद्यावर : डोंगरातलं बोपजुसा मंदिर. पाच मजली लाकडी पॅगोडा.)

ही वास्तू दक्षिण कोरियातली. बोपजुसा मंदिराच्या आवारातला हा पाल्सांगजोन पॅगोडा ब्रूस लीच्या डोळ्यांसमोर होता. कथा अशी : हाय तिएन नावाचा निवृत्त विजेता. त्याच्या धाकट्या भावंडांना पळवून नेलंय. ती परत हवी असतील तर पॅगोड्याच्या सगळ्यात वरच्या टोकाला ठेवलेली एक वस्तू आणून द्यायची. प्रत्येक मजल्यावर एक राखणदार, आणि प्रत्येकाची लढण्याची रीत वेगळी. हाय तिएन एकटा जात नाही, बरोबर आणखी माणसं आहेत.

ही बरोबरची माणसं लक्षात ठेवा. या शोधाची खरी किल्ली तीच आहेत.

पाचांपैकी वरचे तीन मजले चित्रित झाले. तिसऱ्यावर डॅन इनोसँटो, फिलिपिनी काठ्यांच्या विद्येत मुरलेला, ब्रूस लीचा शिष्य आणि सहकारी. चौथ्यावर हापकिडो या कोरियन युद्धकलेचे गुरू जी हान-जे. पाचव्यावर करीम. यातल्या कुणालाही लढायचं नाटक करायला लागत नव्हतं. तिघेही आपापल्या विद्येतले खरे जाणकार, आणि कॅमेऱ्यासमोर ते वावरले तेही आपापल्या शैलीत. मारामारीच्या सिनेमात ही गोष्ट तेव्हा फार दुर्मीळ होती.

मग हॉलिवूडहून वॉर्नर ब्रदर्सचा सिनेमा आला, ‘एंटर द ड्रॅगन’. अशी संधी कोण सोडेल? ‘गेम ऑफ डेथ’चं काम थांबलं. १९७३ च्या सुरुवातीला नव्या सिनेमाचं चित्रीकरण झालं. ते संपवून तो आपल्या अर्धवट सिनेमाकडे वळणार होता. २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये त्याचा मृत्यू झाला. मेंदूला सूज आली होती. वय ३२. ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत झळकला तो पुढच्या महिन्यात.

ब्रूस लीचे हाँगकाँगमधले सिनेमे काढणाऱ्या गोल्डन हार्वेस्ट कंपनीच्या हातात राहिलं काय? शंभर मिनिटांहून अधिक चित्रीकरण. नुसत्या लढती, तेही तीन मजल्यांवरच्या. अलीकडची कथा नाही, पलीकडचीही नाही. संवादही नाहीत, कारण हाँगकाँगमध्ये त्या काळी सिनेमे आवाजाशिवाय चित्रित व्हायचे आणि डबिंग नंतर व्हायचं.

(पडद्यावर : १९७८ च्या सिनेमाचं पोस्टर.)

१९७८ साली ‘गेम ऑफ डेथ’ नावाने एक सिनेमा आला. दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउझ, ‘एंटर द ड्रॅगन’चाच. कथा पार नवी : बिली लो नावाचा सिनेनट, त्याच्या मागे लागलेली गुंडांची टोळी, आणि मेल्याचं सोंग घेऊन त्याने घेतलेला सूड. ब्रूस लीच्या जागी डुप्लिकेट उभे केले, त्यांना काळे चष्मे लावले, दाढ्या चिकटवल्या, पाठमोरे शॉट घेतले. एका प्रसंगात तर आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचं चित्र चिकटवलंय आणि खालचं धड दुसऱ्याचं आहे. त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचं चित्रीकरणही कथेत घुसवलं. मला हे आजही पाहवत नाही. जिवंतपणी प्रत्येक शॉटसाठी हटून बसणाऱ्या माणसाच्या शवपेटीचा वापर कथेतलं भगदाड बुजवायला केला गेला.

शंभरावर मिनिटांतली जेमतेम अकरा-बारा मिनिटं या सिनेमात आली. पॅगोड्याचं रेस्टॉरंट झालं. आणि ती बरोबरची माणसं? जेम्स तिएन आणि चिए युआन हे दोघे नट प्रत्येक मजल्यावर ब्रूस लीबरोबर होते. नव्या कथेत बिली लो एकटाच सूड घ्यायला निघतो, तिथे या दोघांचं काम काय? त्यामुळे ज्या ज्या शॉटमध्ये ते होते, तो शॉट गेला.

आता सिनेमा नीट पाहिला, की सांधे दिसायला लागतात. ब्रूस लीची नजर बाजूला जाते आणि तिथे कोणीच नसतं. लढत मधूनच सुरू होते. पिवळ्या कपड्यावर धुळीचे डाग आहेत, ते कुठे लागले ते दिसत नाही. चाहत्यांना पहिला संशय इथेच आला. शिवाय सेटवर काढलेली स्थिरचित्रं मासिकांतून छापून आली होती. त्यांत दोन माणसं जास्त होती. जी माणसं सिनेमात नाहीत ती फोटोत कशी?

म्हणजे कुठेतरी आणखी रिळं असणार, एवढं पक्कं होतं. पण कुठे?

सिनेमा हरवतो म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा समजून घेऊ. फार क्वचित कोणी फिल्म मुद्दाम जाळतो. बहुतेक वेळा डबा असतो, पण त्यावरची चिठ्ठी निघून गेलेली असते. नाव दुसऱ्याच सिनेमाचं असतं. कंपनी जागा बदलते, हक्क विकले जातात, यादी करणारा माणूस नोकरी सोडतो. वापरात न आलेल्या शॉटना तर कोणी वालीच नसतो, कारण व्यवहाराच्या भाषेत ती रद्दी असते. आपल्याकडे हे दुःख नवं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी दोनच आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. पहिल्या सिनेमाची ही गत, तर कापून बाजूला टाकलेल्या तुकड्यांना कोण विचारणार?

शोधाला दोन टोकं होती. एक टोक हाँगकाँगला, गोल्डन हार्वेस्टच्या साठ्यात. तिथे इतर डब्यांच्या गर्दीत ‘गेम ऑफ डेथ’चं मूळ चित्रीकरण सापडलं. दुसरं टोक अमेरिकेत, कागदांमध्ये. ब्रूस ली भरपूर लिहायचा. टिपणं, आकृत्या, लढतीतल्या एकेका हालचालीचा क्रम. त्याची पत्नी लिंडा हिने ते कागद जपून ठेवले होते. जॉन लिटल या अभ्यासकाला ते पाहायची परवानगी मिळाली आणि त्यांत या सिनेमाचा आराखडा निघाला. कोणता मजला, कोण राखणदार, कोण कधी काय बोलतो, सगळं ब्रूस लीच्या हातचं.

माझ्या मते खरा शोध लागला तो या कागदांत. नुसती रिळं हाती लागून भागलं नसतं. एकाच लढतीचे अनेक टेक, तेही मागेपुढे झालेले, आवाज नाही. त्यांचा क्रम लावायचा कशावरून? १९७८ च्या संकलकांपुढेही हीच फिल्म होती, तरी त्यांना तिचा अर्थ लागला नाही, किंवा लावायचा नव्हता. कागद आणि फिल्म एकत्र आल्यावर तीन मजले एकावर एक उभे राहिले. २००० साली ते दोन रूपांत लोकांसमोर आले : लिटलचा माहितीपट ‘अ वॉरियर्स जर्नी’ आणि जपानमध्ये निघालेला ‘ब्रूस ली इन जी.ओ.डी.’.

(पडद्यावर : तिसरा मजला. आवाज बंद.)

हा तिसरा मजला पाहू. समोर इनोसँटो, कपाळाला लाल पट्टी, दोन्ही हातांत काठ्या. चिए युआन पुढे होतो तो एक जाडजूड ओंडका उचलून. ताकद भरपूर आहे. पण ओंडका फिरवायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात इनोसँटोच्या काठ्या त्याला चार ठिकाणी लागून जातात. ब्रूस ली मागे उभा राहून हे बघतोय. मग तो येतो. त्याच्या हातात बांबूची एक बारीक, लवचीक काठी आहे, चाबकासारखी वाकणारी. इनोसँटोचे वार ठरलेल्या तालात पडतात. ब्रूस ली तो ताल मोडतो. मध्येच थांबतो, उशिरा मारतो, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत मारतो. नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन आखूड काठ्या, निघतात ते त्यानंतर.

आता विचार करा, ओंडक्याचा भाग कापला तर काय राहतं? एक उत्तम मारामारी. तीच १९७८ मध्ये राहिली. ओंडका असताना मात्र तोच प्रसंग धडा होतो : एकाने अवजड हत्यार निवडलं आणि हरला, दुसऱ्याने वाकणारं निवडलं. बरोबरची माणसं नाहीशी झाली तेव्हा सिनेमातला विचारच कापला गेला. ब्रूस लीला जे सांगायचं होतं, ते तो त्या दोघांच्या हरण्यातून सांगत होता.

चौथ्या मजल्यावर जी हान-जे त्या दोघांना उचलून आपटतात. ब्रूस ली लढत असताना ते दोघे संधी साधून वर पळतात. वर करीम आहे, त्यामुळे घाई करणाऱ्यांचं जे व्हायचं ते होतं.

पाचव्या मजल्यावरची लढत माझ्या मते ब्रूस लीने केलेल्या लढतींमध्ये सर्वांत विचारपूर्वक रचलेली आहे. करीमचा पाय त्याच्या छातीवर बसतो आणि पिवळ्या कपड्यावर बुटाचा भलाथोरला ठसा उठतो. एवढ्या लांब हातापायांच्या माणसाजवळ जायचं कसं? आणि जो स्वतःही कुठल्याच ठरावीक शैलीत लढत नाही, त्याला ओळखायचं कशावरून? शेवटी कळतं, की करीमच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. ब्रूस ली खिडक्या फोडून प्रकाश आत घेतो, आणि मग त्याची मान आवळतो.

यानंतरचा तुकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. वरचा जिना मोकळा आहे, अडवायला कोणी उरलं नाही. ती वस्तू वर आहे. आणि हाय तिएन वर जात नाही. दमून, झोकांड्या खात तो खाली उतरायला लागतो. वर नेमकं काय होतं, ते उरलेल्या कुठल्याही सामग्रीत नाही.

पुढे २०२३ साली ब्रिटनच्या अ‍ॅरो कंपनीने ब्रूस लीच्या सिनेमांचा संच काढला. निगेटिव्हवरून बनवलेली एक मधली पॉझिटिव्ह प्रत नव्याने हाती आली होती. तीवरून जवळजवळ दोन तासांचं मूळ चित्रीकरण स्वच्छ करून त्यात दिलं. सगळे टेक, फसलेलेसुद्धा. हालचालींची साखळी कुठेतरी तुटते, पुन्हा पहिल्या जागेवरून सुरुवात होते. क्लॅप पडतो. समोरचा नट जिथे उभा राहायला हवा तिथे उभा नाही, हे दिग्दर्शक ब्रूस लीच्या चेहऱ्यावर दिसतं. शिकणाऱ्याने हे टेक लावून पाहावेत. पुऱ्या झालेल्या सिनेमात ही मेहनत दिसत नाही.

आता अफवांबद्दल. खालच्या दोन मजल्यांची रिळं कुठेतरी दडवून ठेवली आहेत, असं अधूनमधून कानावर येतं. पहिल्या दोन मजल्यांसाठी ह्वांग इन-शिक आणि टाकी किमुरा यांची नावं ब्रूस लीने योजली होती, पण त्या लढती चित्रित झाल्याच नाहीत. ते मजले हरवले नाहीत, ते बांधलेच गेले नव्हते. शोध घेणाऱ्याने हा फरक मनाशी पक्का ठेवला पाहिजे. नाहीतर माणूस आयुष्यभर रिकाम्या डब्याच्या मागे धावतो.

कापलेलं परत मिळतं, याचे दाखले इतरत्रही आहेत. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये शाओलिनच्या मठाधिपतीशी ब्रूस लीचा जो संवाद आहे, तो १९७३ च्या अमेरिकी प्रतीत नव्हता. २५ वर्षांनी, १९९८ च्या आवृत्तीत तो परत आला. ब्रिटनच्या सेन्सॉरने त्याच सिनेमातून १९७९ साली नानचाकूची दृश्यं छाटली होती. ती तिथल्या प्रेक्षकांना २००१ मध्ये परत मिळाली. दोन्ही वेळा हे जमलं, कारण कापलेला भाग कुठेतरी शाबूत होता.

तुम्हाला हा प्रवास स्वतः करायचा असेल, तर १९७८ चा सिनेमा आधी पाहा, फक्त शेवटच्या लढती पाहिल्या तरी चालेल. ब्रूस लीची नजर कुठे कुठे जाते ते टिपून ठेवा. मग २००० सालचा माहितीपट लावा आणि त्या प्रत्येक नजरेच्या टोकाला कोण उभं होतं ते शोधा.