साखरेवरचा थर

(म्हापशात डोंगरभटक्यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मघाशी चहा घेताना एका काकांनी मला विचारलंच, ‘‘गोव्यात बर्फ बघायचा तर फ्रीज उघडावा लागतो, आणि तुम्ही हिमस्खलनावर तासभर बोलणार?’’ काका, तुमच्या मागच्या रांगेत बसलेल्यांची जानेवारीची तिकिटं काढून झालीत. त्यांच्यासाठी बोलतोय.

हा पाट बघा. त्यावर पॉलिश पेपर चिकटवलाय, तो समजा जुना, घट्ट बसलेला बर्फ. त्यावर साखरेचा थर आणि साखरेवर बोटभर मैदा, चमच्याने दाबून बसवलेला. समोरून फक्त पांढरंशुभ्र दिसतं, साखर कुठे आहे कळत नाही. आता एक बाजू उचलतो. कंपासपेटीतला कोनमापक कोणीतरी धरा. वीस अंश, काही नाही. पंचवीस. तीस... थांबा, हळू... गेला! पुढे येऊन वरची कड बघा, सुरीने वडी कापावी तशी. मैदा भुरभुरला नाही, अख्खी लादीच्या लादी सरकली. माणसं मारणारी बहुतेक हिमस्खलनं अशीच लादीची असतात.

ही साखर डोंगरावर येते कुठून? हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडाच पडलेला असतो. खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर हवा उणे पंधरा. मधल्या पातळ थरातून वाफ वर चढते आणि तिचे जाड, सुटे कण तयार होतात. मुठीत घेऊन दाबले तरी गोळा होत नाही, बोटांतून ओघळतात. त्यावर पुढचा बर्फ पडतो, वारा एका उतारावरचा बर्फ उचलून कड्यापलीकडे नेऊन ठासतो, आणि आपण त्या ठासलेल्या, चालायला मजबूत वाटणाऱ्या थरावर फोटो काढत उभे राहतो.

लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. त्याहून कमी उतारावर क्वचितच, आणि फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, झडत राहतो. दुर्दैव असं की स्कीइंगची खरी मजा याच उतारांवर. फिरायला गेलेल्यांनी अपघात ओढवला, तर बहुतेक वेळा लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानेच सोडवलेली असते. ओरडल्याने बर्फ कोसळतो हे सिनेमातलं. वजनाने कोसळतो. आणि आपण सपाटीवर असलो म्हणून सुटलो असंही नाही, डोक्यावर कोणता उतार आहे ते बघावं लागतं. सिक्कीममध्ये नथु ला रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ रोजी हिमस्खलनात ७ पर्यटक गेले. ते काही गिर्यारोहक नव्हते.

आता माझीच फजिती सांगतो. हिमाचलात दोन दिवस सलग बर्फ पडून गेला, तिसऱ्या सकाळी लख्ख ऊन. रजा संपत आलेली. चालताना पायाखाली ‘भुस्स’ असा आवाज आला, आणि पुढचा बर्फ इंचभर खाली बसला. वाटाड्या जागच्या जागी थांबला. म्हणाला, परत. मी त्याच्याशी हुज्जत घातली, पैसे मोजलेत म्हणालो. तो आवाज म्हणजे खालचा साखरेचा थर ढासळल्याचा, हे मला त्यानंतर वर्षभराने कळलं. आपल्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात. काठावर बसून जाळी सांधणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मोठ्या हिमवृष्टीनंतर मात्र एक-दोन दिवस थांबायला सांगितलं की आम्हाला विमानाचं तिकीट आठवतं.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते. ते वाचा. धोक्याच्या पाच पायऱ्यांत तिसरी म्हणजे ‘मधली, चालेल’ असं समजू नका. चौथी-पाचवी ऐकून लोक घरी बसतात, तिसरीला बाहेर पडतात आणि सापडतात.

उपकरणं तीन: बीकन, म्हणजे अंगावर बांधायचं, बर्फाखालून संदेश देणारं आणि तो पकडणारं यंत्र; प्रोब काठी, म्हणजे बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी; आणि फावडं. प्रत्येकाकडे तिन्ही हवीत, कारण बाहेरची मदत वेळेत येत नाही. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी साधारण नऊ जगतात, अर्ध्या तासानंतर तिघांत एखादाच. कोणी म्हणेल, हणमंतप्पा सहा दिवस जगले ना? आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड, सियाचिनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये सुमारे २५ फूट बर्फाखालून जिवंत निघाले. सोबतचे नऊ जण गेले, आणि ११ फेब्रुवारीला तेही गेले. त्या अपवादावर आपली सहल बेतू नका.

बोलणं पुरे. रविवारी सकाळी सहा वाजता मिरामारला या. दोन बीकन ओल्या वाळूत पुरतो, तुम्ही शोधून काढायची. वाळू आधी नीट तुडवून ठेवणार आहे, कारण कोसळून थांबलेला बर्फ असाच घट्ट होतो, हाताने उकरत नाही. फावडं ज्याचं त्याने आणावं, आणि काका, तुम्ही घड्याळ धरायला या.