पोरींना शाळेत स्वयंपाक का शिकवायला लागले?

नमस्कार मंडळी! समजा शाळेला सरकारी अनुदान मिळतंय, आणि कशासाठी, तर पोरींनी स्वयंपाकाचा तास केला म्हणून. हे खरंच झालंय, इंग्लंडमध्ये, १८८२ पासून, मुलीमागे ४ शिलिंग (तेव्हा २० शिलिंगांचा एक पाउंड व्हायचा). १८९० मध्ये तर कपडे धुवायच्या वर्गालाही २ शिलिंग सुरू झाले.

सुरुवात मात्र सुईदोऱ्यापासून झाली. १८६२ च्या नियमांप्रमाणे अनुदान हवं तर मुलींना शिवण शिकवावंच लागायचं. आता त्याला वेळ कुठून आणणार? गणितातून! तपासनीस मुलींचं गणित जरा सैल हातानं तपासायचे, कारण मुलगे बेरीज-वजाबाकी घोटत होते तेव्हा या बिचाऱ्या टाके घालत बसलेल्या असायच्या ना. मग १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर कामगार वस्त्यांत शाळा वाढल्या, आणि पुढे जादा विषय घेणाऱ्या मुलींना आधी गृहव्यवस्था घ्या असं झालं.

मला यात सगळ्यात अजब काय वाटतं माहितीये? याच पोरी धाकटी भावंडं सांभाळायला म्हणून घरी राहायच्या, शाळा बुडायची, आणि शाळेत आल्या की बाहुलीला आंघोळ घालायची प्रॅक्टिस!

यामागे हेतू काय होता? एक तर श्रीमंतांच्या घरी शिकलेल्या मोलकरणी हव्या होत्या, ते उघडच होतं. पण खरी धांदल उडाली बोअर युद्धात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांनी बोअर लोकांशी केलेल्या लढाईत, १८९९ ते १९०२. भरतीला आलेली कितीतरी गरीब पोरं तब्येतीपायी नापास झाली, सरकार हादरलं, समिती नेमली, १९०४ मध्ये अहवाल आला, त्यात बऱ्याच शिफारशी होत्या आणि त्यातली एक म्हणजे मुलींना स्वयंपाक, स्वच्छता, बाळाची काळजी शिकवा. म्हणजे पोरं अशक्त का, तर आईला रांधता येत नाही म्हणून! पगार किती हा प्रश्न मागेच पडला.

तो विचारला मॉड पेंबर रीव्ह्ज या बाईंनी. त्या आणि त्यांच्या सोबतिणी लंडनच्या लॅम्बेथ भागात आठवड्याला साधारण १ पाउंडात भागवणाऱ्या घरांत वर्षानुवर्षं जात राहिल्या, पै-पैचा हिशोब लिहून घेतला, १९१३ मध्ये पुस्तक काढलं. तेव्हा शहाणी माणसं या बायांना सांगायची, ओटची लापशी करा, स्वस्त आहे, पौष्टिक आहे. पण घरात जुनं भांडं एकच, त्याला सगळं करपतं, वर घालायला दूध नाही, साखर नाही, आणि ती तशी लापशी पोरं तोंडात धरेनात.