पाकात उरलेलं पाणी

लहानपणीची एखादी गोळी आठवून बघा. नेमकी चव आठवायला जरा वेळ लागतो. पण ती दाताखाली कशी कडकन फुटायची, टॉफी दाढेला कशी चिकटून बसायची, लॉलीपॉप चोखून चोखून त्याची कड कशी धारदार व्हायची आणि जिभेला कशी लागायची, हे सगळं लगेच आठवतं. म्हणून घरी जुना खाऊ करायचा असेल, तर इसेन्सच्या बाटल्यांच्या आधी एक थर्मामीटर आणा.

कडक गोळी, चिवट टॉफी, तोंडात विरघळणारा फज, सगळ्यांचा पाया साखरेचा पाक. शेवटी त्यात पाणी किती उरलं, यावर बरंचसं ठरतं.

जाड बुडाचं पातेलं घेतलंय. एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, लिंबाच्या रसाचे चार थेंब. आता बुडबुड्यांकडे बघा. सुरुवातीला ते पातळ आहेत, भराभर फुटताहेत. पाणी आटत जातं तसा पाक जास्त तापमानाला उकळतो आणि बुडबुडे दाट, संथ होत जातात. साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला थेंब थंड पाण्यात सोडला, की बोटांत मऊ गोळी वळता येते. फज इथे उतरवायचा. गोळ्या आणि लॉलीपॉपसाठी मात्र थांबायचं, थेट १४६ ते १५४ अंशांपर्यंत. हा थेंब पाण्यात पडला, बाहेर काढला, वाकवायला गेलो... कट्! ऐकलंत? पाकात आता जेमतेम एक टक्का पाणी उरलंय. इथून पुढे पाक बघता बघता करपतो, तेव्हा पातेल्यापासून हलू नका. आणि मुलांना लांब ठेवा. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो.

थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासून घ्या. तुम्ही उंचावर राहत असाल आणि तिथे तो ९७ दाखवत असेल, तर वरच्या प्रत्येक आकड्यातून तीन वजा करा.

आता हे लिंबू कशाला? कडक गोळी ही खरं तर साखरेची काच असते. तिच्यातले रेणू ओळीत न बसता, जसे असतील तसे थिजलेले असतात. पण साखरेला सारखं स्फटिक व्हायचं असतं. पातेल्याच्या कडेला चिकटलेला एक दाणा आत पडला, तरी पाक रवाळ होऊ शकतो. लिंबातल्या आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ते स्फटिकांच्या आड येतात. लिक्विड ग्लुकोजही हेच काम करतं. एकदा साखर विरघळली, की पाक ढवळायचा नाही. कडा ओल्या ब्रशने पुसून घ्यायच्या, बस्स.

इसेन्स घालायचा तो पातेलं उतरवून, बुडबुडे बसल्यावर. केळ्याच्या गोळीचा तो ओळखीचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. पिकलेल्या केळ्यातही तो असतो. पण त्याचा उत्कलनबिंदू १४२ अंशांच्या आसपास. दीडशे अंशांच्या पाकात ओतलात, तर स्वयंपाकघर घमघमेल आणि गोळी कोरडीच राहील.

टॉफीचं गणित वेगळं. तिच्यात दूध आणि लोणी येतं. दुधातली प्रथिनं आणि साखर तापली, की तो तांबूस रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी माइयार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं आणि तिला त्यांचंच नाव मिळालं. इथे मात्र सतत ढवळायचं, नाहीतर दूध तळाला लागतं. चिवट टॉफी हवी तर १२० अंशांना थांबा.

साखरेचा कापूस मात्र साध्या पातेल्यात होणार नाही. त्याला वितळलेली साखर वेगाने फिरवून बारीक भोकांतून बाहेर फेकणारं यंत्र लागतं. १८९९ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हॉर्टन यांना मिळालं. यातले मॉरिसन चक्क दंतवैद्य होते!

सगळं जमून आलं आणि तरीही गोळी फार गोड लागली, तर कृतीला दोष देऊ नका. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं. गोळी तीच असली, तरी जीभ आता मोठी झालीय. म्हणून मी पाक उतरवल्यावर गोळ्यांत चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड जास्त घालते आणि टॉफीत मीठ. अगदी जुनी कृती जशीच्या तशी धरून बसण्यापेक्षा ही चव आठवणीच्या जास्त जवळ जाते.

गोळ्या गार झाल्या, की लगेच बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. साखरेची काच हवेतली ओल ओढून घेते. आधी चिकट होते, मग वरून रवाळ. दमट दिवस असेल, तर गोळ्यांचा बेत पुढे ढकला आणि त्या दिवशी फज करा.