सीतेची वेणी: हे बांडगूळ नाहीये!

मे संपत आला की आंबोलीच्या रस्त्यावरून जाताना जरा मान वर करून बघा, जुन्या झाडांच्या फांद्यांवरून पांढऱ्या-गुलाबी फुलांचे लांबच लांब घोस खाली लोंबताना दिसतील. हीच आपली सीतेची वेणी. एका तुऱ्यात कधीकधी शंभरच्या वर फुलं, प्रत्येक फूल जेमतेम दोन सेंटीमीटरचं, पांढऱ्यावर जांभळट ठिपके, आणि वास एकदम मंद, गोडसर, अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आपल्या सह्याद्रीपासून ईशान्य भारतापर्यंत आणि पुढे आग्नेय आशियात हे ऑर्किड सापडतं. आसाममध्ये याला कपौ फूल म्हणतात, ते तिथलं राज्यफूल आहे, अरुणाचलचंही हेच, आणि बिहू नाचणाऱ्या मुली अंबाड्यात हाच तुरा माळतात. तिकडे एवढा मान आणि आपल्याकडे? आपल्याकडे बरेच जण याला बांडगूळ समजतात आणि झाड वाचवायचं म्हणून ओढून काढून टाकतात. खरंच वाईट वाटतं बघून.

बांडगूळ फांदीच्या आत मुळं घुसवतं आणि झाडाचं पाणी पितं. सीतेची वेणी असलं काहीच करत नाही, ती फक्त सालीला धरून बसते. तिची मुळं नीट बघा, जाड, चंदेरी, अर्धी तर हवेतच लटकलेली. वरचा तो पांढरट थर म्हणजे वेलामेन, मेलेल्या पेशींचा असतो आणि पाऊस पडला की पाणी लगेच शोषून घेतो, मग मूळ हिरवं दिसायला लागतं. सालीवरून ओघळणारं पाणी, थोडी धूळ, कुजलेला पालापाचोळा, एवढ्यावर तिचं भागतं. ज्या झाडावर ती बसते त्याचं तिच्यामुळे काही बिघडत नाही.

आता घरी लावायचं म्हटलं तर हीच मुळं डोक्यात ठेवा. कुंडीत माती भरून लावलं तर गेलंच म्हणून समजा, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. लाकडी पट्ट्यांची टोपली घ्या, त्यात कोळशाचे मोठे तुकडे आणि थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे टाका आणि मोकळ्या हवेत टांगा. अंगणात आंबा किंवा चाफा असेल तर मग टोपलीची पण गरज नाही, पावसाळ्याच्या तोंडाला रोप फांदीला सुतळीने बांधून टाका, घट्ट, हलायला नको, कारण हललं की नवीन मुळांची टोकं सालीवर घासून जातात आणि ते धरतच नाही. पावसाळाभर मुळं सालीला चिकटतात, सुतळी नंतर आपोआप कुजून जाते.

ऊन गाळलेलं हवं, म्हणजे पन्नास टक्क्यांची शेडनेट किंवा सकाळचं कोवळं ऊन. पानं गडद हिरवी दिसतायत आणि फूल काही येत नाही, तर उजेड कमी पडतोय. पिवळी पडायला लागली तर ऊन जास्त होतंय. पाण्याचा अंदाज मुळांवरून घ्या, चंदेरी झाली की द्या, हिरवी असतील तर थांबा. उन्हाळ्यात टोपलीतल्या रोपाला रोज लागतं, थंडीत कमी करा, पण मुळं सुरकुतेपर्यंत नको. फक्त शेंड्यात पाणी साचून राहता कामा नये. हे रोप एकाच शेंड्याने वाढतं, तो कुजला तर कधीकधी बाजूने फूट येते, पण भरवसा नाही. खत वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, एकोणीस-एकोणीस-एकोणीस (म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) चालेल, पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात. आणि पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी शोधा, मुळांची कोवळी टोकं त्यांना फार आवडतात.

राहिला प्रश्न रोप कुठून आणायचं. जंगलातून नाही, प्लीज. या ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो, त्यामुळे सालीवर योग्य ती बुरशी भेटली तरच ते रुजतं, म्हणजे लाखो बियांतून एखादंच रोप उभं राहतं, आणि फुलावर यायला त्याला पुढे कित्येक वर्षं लागतात. 1922 साली अमेरिकेत लुईस नड्सन यांनी साखर घातलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून लॅबमध्ये बियांपासून हजारोंनी रोपं होतात. तीच घ्या. विकत घेताना मुळं बघायची, ती तुटलेली असतील आणि त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले असतील तर ते रोप जंगलातून ओरबाडून आणलेलं असण्याची दाट शक्यता आहे, कितीही स्वस्त मिळत असलं तरी तिथेच ठेवा.