आधी बंधारा, मग संस्था

मंडळी, वाडीसाठी काहीतरी करायचं म्हणून तरुण मुलं जमतात, तेव्हा पहिली बैठक बहुतेक मंडळाचं नाव आणि नोंदणी यातच जाते. १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात, पुढे धर्मादाय कार्यालय, घटना, हिशेबतपासणी. हे सगळं कधीतरी लागेलच. पण एकत्र काम केल्याशिवाय कोण टिकणार हे कळत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, आधी वहाळावर, म्हणजे वाडीतल्या ओढ्यावर, वनराई बंधारा घाला: माती-वाळू भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध.

आपल्या कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन फिरतात. समुद्र जवळ, उतार मोठा, जांभा दगड सच्छिद्र; पाणी थांबतच नाही. ते थोडं तरी अडवायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पुरतात. वाडीत कुणाचं तरी घर बांधून होतच असतं, तिथे मागा. माती-वाळू भरताना गोणी तोंडापर्यंत ठासू नका, थोडी सैल ठेवून सुतळीने शिवा, म्हणजे ती नीट बसते. विटांसारखे सांधे मोडत रचा, तळ रुंद ठेवा, फटी चिकणमातीने लिंपा. काठ भक्कम आणि पात्र अरुंद असेल ती जागा उत्तम. ग्रामपंचायतीला आधी सांगा आणि सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) जागा दाखवा.

वेळ मात्र चुकवू नका. गणपतीला चाकरमानी घरी असतात, तेव्हा बोलणी उरका. पाऊस ओसरला, भातकापणी झाली, की वहाळाला धार असेपर्यंत काम उरकायचं. डिसेंबर उजाडला तर अडवायला फारसं पाणी उरत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. पहिली गोणी ठेवायच्या आधी, पाणी कोणाचं हे सगळ्यांसमोर बोला. बंधाऱ्याशेजारी ज्याची जमीन, तो पंप लावणार का? लावला तर किती वेळ? खालच्या अंगाला वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात करणाऱ्याला काय उरणार? गुरं कुठे उतरणार, कपडे कुठे धुणार? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या दुष्काळी गावाने पाणी अडवलंच, पण त्याबरोबर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी कूपनलिकांवर बंदी घातली. गाव बदललं त्यात या शिस्तीचा वाटा फार मोठा आहे. तुमच्या वाडीत एवढा पसारा लागणार नाही. ‘साठलेल्या पाण्यावर थेट पंप नाही, पाणी विहिरींसाठी आणि गुरांसाठी’ एवढा एक ठराव झाला तरी पुष्कळ. या बैठकीला बायकांना बोलवा, आणि त्या बोलेपर्यंत थांबा. कुठली विहीर कधी आटते ते त्यांना तोंडपाठ असतं.

शेवटचं काम मे महिन्यातलं, आणि तेच बहुधा राहून जातं. पावसाआधी गोण्या काढून घ्या, नाहीतर ते सगळं प्लास्टिक पहिल्या पुरात खाडीत जाईल. हे काम कोणाकडे, ते बंधारा घालण्याच्या दिवशीच ठरवून टाका.