तिरकी भिंत

(दृश्य: सकाळची वेळ. भुईकोट किल्ल्याजवळची एक गल्ली. पोरं भिंतीवर चेंडू मारताहेत.)

सोलापूरला समुद्र नाही. पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, नाहीतर उजनी. तरी नौदलाच्या सर्वांत आधुनिक नौकांचं गुपित याच गल्लीत कळतं.

सरळ भिंतीवर मारलेला चेंडू थेट हातात परत येतो. भिंत तिरकी असेल, तर तो भलतीकडेच उडतो. रडार असाच चेंडू फेकतं, रेडिओ लहरींचा. परत आलेल्या लहरींवरून शत्रूला नौका कळते.

(दृश्य: विनाशिका ‘मुरगाव’.)

आयएनएस मोरमुगाव. नाव गोव्यातल्या बंदराचं. आपण मराठी माणसं त्या बंदराला मुरगाव म्हणतो, म्हणून इथेही मुरगावच म्हणू. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, १६३ मीटर लांब, सुमारे ७,४०० टनांची ही क्षेपणास्त्र विनाशिका १८ डिसेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. ब्रह्मोस आणि बराक क्षेपणास्त्रं तिच्यावर आहेत. पण नजर खिळते ती तिच्या तिरक्या, सपाट बाजूंवर. एवढी मोठी नौका अदृश्य होत नाही; रडारला मात्र ती खूप लहान भासते.

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांची खडखड.)

ही खडखड दोन गल्ल्या अलीकडूनच ऐकू येते. पाण्यात तर आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि खाली पाणबुडी कान लावून बसलेली असते. म्हणून अशा नौकांत यंत्रांचे हादरे सांगाड्यापर्यंत पोहोचू नयेत, नौकेला पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांभोवती बुडबुडे कमी उठावेत, यासाठी फार मेहनत घेतात. धुराड्यातला तप्त वायूही थंड करून सोडतात, कारण उष्णता हेरणारी क्षेपणास्त्रं असतात.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, गोवा.)

१९६१ च्या डिसेंबरात मुरगाव बंदरात ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या आपल्या युद्धनौकांनी पोर्तुगीजांची ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ ही युद्धनौका तोफांनी निकामी केली. त्या गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, १९ डिसेंबर २०२१ रोजी, ही ‘मुरगाव’ पहिल्यांदा समुद्रात उतरून चालली. हा योग मला फार मोलाचा वाटतो.

(दृश्य: सोलापूर स्थानक, रात्र.)

इथून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालं, की सकाळी मुंबई. अशी एखादी नौका कधी जवळून पाहायला मिळाली, तर तोफेकडे नंतर वळा. आधी बाजूच्या भिंतीचा कल बघा.